गोळी घरी आली, विमा हॉस्पिटलातच राहिला

"ताई, तुम्ही कॅन्सरवरच शिकताय ना? मग एक सांगा, ही गोळी एक दिवसाआड घेतली तर चालते का?"

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. चऱ्होली बुद्रुकमध्ये मी ज्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहते, तिथे तळमजल्यावरच्या दादांनी मला जिन्यात थांबवून हे विचारलं. दादा मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत तीन वर्षं ठेकेदारामार्फत कामाला होते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या आणि पुढच्या तपासण्यांत कळलं की हा सीएमएल, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक सावकाश वाढणारा प्रकार आहे. तेव्हापासून रोज ४०० मिलिग्रॅमची इमॅटिनिबची एक गोळी. ईएसआयकडून मिळायची, खिशातून काही जायचं नाही. प्रकृती ठणठणीत. सकाळच्या शिफ्टची बस कधी चुकली नाही.

सप्टेंबरअखेर ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं जुन्यातले निम्मेच घेतले. दादा राहिले बाहेर. कुणीतरी सांगितलं, "काम गेलं म्हणजे कार्ड बंद." घरात गोळ्यांची एक बाटली शिल्लक होती. ती पुरवायची म्हणून दादा आणि वहिनींनी मिळून ठरवलं, एक दिवसाआड.

मी त्यांना सांगितलं की मी डॉक्टर नाही, आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझं पीएचडीचं काम कायनेज नावाच्या प्रथिनांवर आहे, आणि इमॅटिनिब हे या प्रथिनांना लगाम घालणारं सगळ्यात गाजलेलं औषध. ते पेशीत काय करतं हे मी झोपेतसुद्धा सांगेन. ते दादांच्या घरात कसं पोचतं आणि मधेच का थांबतं, हे मात्र मला माहीत नव्हतं. गेले काही महिने वाचून, विचारून जे समजलं ते इथे मांडते आहे.

आधी एक गल्लत दूर करू

"ओरल कॅन्सर ड्रग्ज" असं वाचलं की आपल्याकडे पहिल्यांदा तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. कर्करोग कुठलाही असो, त्यावरचं जे औषध सलाईनमधून न देता गोळी किंवा कॅप्सूल म्हणून तोंडानं घ्यायचं, ते ओरल औषध. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल, आतड्याच्या कर्करोगात कॅपेसिटाबिन, फुप्फुसाच्या काही कर्करोगांत गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब, यकृताच्या कर्करोगात सोराफेनिब, सीएमएलमध्ये इमॅटिनिब.

यातल्या सगळ्याच गोळ्या महाग नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअलनं डोक्या-मानेच्या बऱ्या न होऊ शकणाऱ्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर एक चाचणी केली. २०२० मध्ये ती 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आली. निम्म्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून सिस्प्लॅटिन दिलं. उरलेल्यांना कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या दिल्या. गोळ्यांच्या गटातलं मध्यम आयुर्मान ७.५ महिने निघालं, सलाईनच्या गटातलं ६.१ महिने. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी. म्हणजे सलाईन ते भारी आणि गोळी ती हलकी, ही आपल्या मनातली उतरंड चुकीची आहे. लक्षात ठेवा, कारण विम्याच्या मनातही अशीच एक उतरंड आहे. तिच्याकडे पुढे येते.

गोळी करते काय?

सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि अदलाबदल होऊन चुकीच्या जागी जोडले जातात. त्यातून तयार झालेलं छोटं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ही अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. या चुकीच्या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन बनतं. हे एक कायनेज आहे. साध्या भाषेत, पेशीला "वाढ, वाढ" म्हणणारं बटण. निरोगी पेशीत ते गरजेनुसार चालू-बंद होतं. इथे ते चालूच अडकून बसतं.

कायनेजला काम करायला एटीपी हा इंधनाचा रेणू लागतो आणि तो प्रथिनातल्या एका खोबणीत जाऊन बसतो. इमॅटिनिब नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं. इंधनाला जागाच मिळत नाही आणि बटण बंद होतं. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याच्या मोठ्या चाचणीतले रुग्ण पुढे दहा वर्षं पाहिले गेले, तेव्हा इमॅटिनिब गटातले ८३.३ टक्के हयात होते. त्याआधी हाच आजार बहुतेकांना काही वर्षांत गाठायचा.

पण यात एक अट आहे. औषध खोबणीत आहे तोवरच बटण बंद. रक्तातलं इमॅटिनिब साधारण दर १८ तासांनी निम्मं होतं. एका गोळीचा हिशेब केला तर २४ तासांनी तिच्यातलं साधारण ४० टक्के उरतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या दिवशीची गोळी येऊन भर घालते. एक दिवसाआड घेतली तर पुढची गोळी येईपर्यंत ४८ तास जातात आणि उरतं जेमतेम १६ टक्के. खोबण्या रिकाम्या होतात, बटण पुन्हा चालू. दादांना वाटत होतं की अर्धं औषध म्हणजे अर्धा फायदा. गणित तसं चालत नाही.

तीन दिवसांचा हिशेब

थोड्याशा चुकण्यानं खरंच किती फरक पडतो? लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात हे फार बारकाईनं मोजलं गेलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं याची नोंद व्हायची. तीन महिने ही नोंद घेतली.

९० टक्क्यांहून जास्त गोळ्या नेमानं घेणाऱ्यांत सहा वर्षांत आजार रेणूच्या पातळीवर खूप खाली जाण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के. आणि ८० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी एकाचाही आजार चाचणीत पूर्ण दिसेनासा झाला नाही.

आता हे महिन्याच्या भाषेत मांडू. तीस दिवसांचे ९० टक्के म्हणजे सत्तावीस. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेवर येऊन पोचलात. फक्त तीन. दोन दिवस गावाला जाताना बाटली विसरली, एक दिवस मेडिकलवाल्याकडे माल नव्हता, संपलं. दादांचे पाच आठवडे तर निम्म्यावर गेले होते.

"लंडनचं लंडनला," असं म्हणाल. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटनं आपल्याकडच्या ५१६ रुग्णांचा असाच अभ्यास २०११ मध्ये मांडला. साधारण ३० टक्के रुग्णांच्या औषधात खंड पडला होता. पाच वर्षांनी आजार न उलटता नीट राहिलेल्यांचं प्रमाण नेमानं घेणाऱ्यांत ७६.७ टक्के होतं, खंड पडलेल्यांत ५९.८ टक्के.

इथे एक बारीक फरक सांगायला हवा, कारण इंटरनेटवर वाचून कुणी गोळी सोडेल. काही रुग्णांना पुढे जाऊन इमॅटिनिब थांबवता येतं, हे खरं आहे. फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात किमान दोन वर्षं आजार चाचणीत अजिबात न दिसलेल्या १०० रुग्णांचं औषध थांबवलं. साधारण ४० टक्क्यांचा आजार वर्षभरानंतरही परतला नव्हता. पण ते रुग्ण निवडून घेतलेले होते, त्यांची रक्ततपासणी वारंवार होत होती आणि आजार डोकं वर काढतोय असं दिसलं की औषध लगेच सुरू केलं जायचं. डॉक्टरांनी थांबवणं वेगळं आणि पैशांअभावी चुकवणं वेगळं. पहिल्यात कुणीतरी पाहत असतं.

आणि पैशांमुळेच चुकतं का? अमेरिकेत २०१४ मध्ये यावर अभ्यास झाला. विमा असलेल्याच सीएमएल रुग्णांची तुलना केली. ज्यांना प्रत्येक वेळी स्वतःच्या खिशातून जास्त पैसे भरावे लागत, त्यांनी पहिल्या १८० दिवसांत औषध बंद करण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त निघालं. या सगळ्यांकडे विमा होता, हे विसरू नका. विमा आहे की नाही एवढं विचारून भागत नाही. आज सकाळची गोळी हातात आहे की नाही, हे विचारावं लागतं.

विमा खाट मोजतो

आता त्या उतरंडीकडे येते. आरोग्य विमा ही कल्पना ज्या काळात घडली त्या काळात मोठा आजार म्हणजे हॉस्पिटल, हॉस्पिटल म्हणजे खाट आणि खाट म्हणजे बिल. गोळी म्हणजे किरकोळ, ती घरच्या खर्चातली. म्हणून विमा जगभर भरतीभोवती बांधला गेला. कर्करोगाचं औषध सलाईनमधून जायचं तोवर हे जमून गेलं. २००१ नंतर औषध गोळीच्या रूपात घरी यायला लागलं आणि विमा मागे हॉस्पिटलातच राहिला.

हे श्रीमंत देशांतही झालं. कॅनडात हॉस्पिटल आणि डॉक्टर सरकारी खर्चानं, पण घरी घ्यायच्या औषधांचं प्रत्येक प्रांताचं वेगळं. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टासारख्या पश्चिमेकडच्या प्रांतांत कर्करोगाच्या गोळ्याही सरकार देतं. ओंटारिओत सलाईनचं औषध मोफत, गोळीला मात्र वय आणि उत्पन्न पाहून वेगवेगळ्या योजना. अमेरिकेत गोळीला सलाईनपेक्षा वाईट वागणूक देऊ नका, असा कायदा ऑरेगॉन राज्यानं २००७ मध्ये पहिल्यांदा केला, मग बाकीच्या राज्यांनी.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डांना लागू झालं. ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण योजनेचं चलन आहे "पॅकेज". यादीत उपचार असतो, त्याचा दर ठरलेला असतो, अंगीकृत रुग्णालय पूर्वपरवानगी घेतं, उपचार करतं आणि पैसे रुग्णालयाला मिळतात. डिस्चार्जनंतर फुले योजनेत दहा दिवसांपर्यंतची औषधं, आयुष्मानमध्ये पंधरा दिवसांपर्यंतची. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दहा दिवस ठीक. रोज, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीला दहा दिवस म्हणजे काय?

ही अडचण योजनेला अजिबात दिसली नाही असं नाही. आयुष्मानच्या यादीत मेडिकल ऑन्कॉलॉजीखाली काही गोळ्यांचीही पॅकेजेस आहेत. इमॅटिनिब, टॅमॉक्सिफेन, कॅपेसिटाबिन ही नावं तिथे सापडतात. पण यात तीन अडथळे उरतात. एक, औषध यादीत असलं तरच. दोन, ते अंगीकृत रुग्णालयातूनच घ्यायचं. बाहेरच्या मेडिकलमधून विकत घेऊन नंतर बिल लावलं तर पैसे परत मिळत नाहीत, कारण योजना कॅशलेस आहे. आणि तीन, पॅकेज सायकलनुसार चालतं. एक सायकल संपली की पुन्हा जाणं, पुन्हा नोंद, पुन्हा मंजुरी. रोजंदारीवरच्या माणसाचा दर वेळी एक खाडा. मंजुरी चार दिवस लांबली तर? तीन दिवसांचा हिशेब वर सांगितलाच आहे.

खासगी मेडिक्लेममध्येही चोवीस तास भरती हीच जुनी अट होती. विमा नियामकानं सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि यांना पॉलिसीतून वगळता येणार नाही असं सांगितलं. त्यात ओरल केमोथेरपीचं नाव आहे. फक्त कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा घालण्याची मुभा आहे. सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे.

पाच लाख किती दिवस पुरतात?

विम्याची रक्कम वाढवली म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. जरा भागाकार करून पाहू.

सोराफेनिब हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध. बायर कंपनीचा 'नेक्साव्हर' हा ब्रँड भारतात महिन्याला २,८०,४२८ रुपयांना मिळायचा. या दरानं आजचे पाच लाखसुद्धा दोन महिने पुरले नसते. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवायचा सक्तीचा परवाना मिळाला, महिन्याला ८,८०० रुपये या कमाल दरानं. भारतातला हा असा पहिलाच परवाना. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०१४ मध्ये न्यायालयानं परवाना कायम ठेवला. त्या दरानं वर्षाचा खर्च येतो १,०५,६०० रुपये.

इमॅटिनिबचंही तसंच. नोव्हार्टिसचं 'ग्लिव्हेक' तेव्हा महिन्याला साधारण १ लाख २० हजारांचं होतं, तर भारतीय जेनेरिक ८ ते १० हजारांत मिळायचं. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. जुन्या औषधाचं थोडं बदललेलं रूप नुसतं नवं आहे म्हणून पेटंट मिळत नाही, उपचारात त्याचा जास्त गुण दिसायला हवा, असा त्याचा आशय. जुन्या दीड लाखाच्या संरक्षणात ग्लिव्हेक पाच-सहा आठवडे बसलं असतं. आठ हजाराचं जेनेरिक वर्षभर बसलं असतं आणि वर पैसे उरले असते.

म्हणजे दादांची गोळी सरकारी खर्चात बसते याचं अर्धं कारण विमा आहे आणि अर्धं कारण या दोन लढाया. किंमत उतरली नसती तर योजनेनं ते औषध यादीत घेतलं असतं का, याचा विचार करा.

किंमत उतरवायला प्रत्येक वेळी कोर्टच लागतं असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर आणला. एर्लोटिनिबच्या एका ब्रँडची छापील किंमत तेव्हा ९,९९९ रुपयांवरून ८९१.७९ रुपयांवर आली. मधले नऊ हजार कुठे जात होते ते तुम्हीच ओळखा. टाटा मेमोरिअलच्या पुढाकारानं चाललेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनं तर साधा बाजाराचा नियम वापरला. २३ केंद्रांनी एकत्र येऊन ४० औषधांची घाऊक खरेदी केली. बचत काही औषधांत २३ टक्के झाली, काहींत थेट ९९ टक्क्यांपर्यंत गेली.

दादांचं पुढे काय झालं

मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथे. दादांचं कार्ड बंद झालंच नव्हतं.

ईएसआयचे नियम वाचायला बसले तेव्हा समजलं की तिथे वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगवेगळे असतात. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. दादांनी सप्टेंबरपर्यंत पूर्ण भरली होती. म्हणजे नोकरी गेली तरी डिसेंबरपर्यंत आणि पुढे जून २०२५ पर्यंत त्यांना उपचार मिळायला हवे होते. शिवाय ईएसआयमध्ये एका रुग्णावर इतकाच खर्च करायचा अशी रकमेची मर्यादा नाही. पाच लाख संपले म्हणून थांबा, हा प्रकारच नाही.

हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ठेकेदारानं नाही, कंपनीतल्या साहेबांनी नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, कारण पगारातून कापले जाणारे पाऊण टक्का म्हणजे नेमकं काय हेच कधी कुणी समजावलं नव्हतं. मी नियमाची प्रिंट काढून दिली. दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला गोळ्या मिळाल्या. डॉक्टर रागावले, मग त्यांनी बीसीआर-एबीएलची तपासणी करायला लावली. आकडा थोडा वर सरकला होता. पुन्हा नेमानं गोळी सुरू झाल्यावर तो हळूहळू खाली येतोय. पाच आठवड्यांची भरपाई व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतोय.

तुमच्या घरात अशी गोळी असेल तर

चाकण, भोसरी, मोशी, आळंदी या पट्ट्यात निम्मी घरं ईएसआयवर आणि निम्मी रेशनकार्डावर चालतात. म्हणून काही गोष्टी सरळ सांगते.

गोळ्या संपायला दहा दिवस असतानाच पुढच्या घ्यायला जा. मंजुरी लांबली तरी तेवढे दिवस हातात राहतात.

नोकरी सुटली तर पगाराच्या स्लिपा आणि ई-पहचान कार्ड जपून ठेवा आणि आपला लाभाचा काळ कधीपर्यंत आहे हे ईएसआयच्या कार्यालयात स्वतः विचारा. ठेकेदाराच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. पगार २१ हजारांच्या वर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिचा लाभही मिळतो. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत. सलग दोन वर्षं नोकरी झालेल्या आणि वर्गणीची अट पूर्ण केलेल्या माणसाला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात पगाराच्या ८० टक्के रोख लाभही मिळू शकतो. तो मागावा लागतो.

ईएसआय नसेल तर फुले योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी चालतं, महाराष्ट्रातलं असलं म्हणजे झालं. प्रश्न असा विचारा, "या औषधाचं पॅकेज यादीत आहे का, आणि ते किती दिवसांच्या गोळ्यांचं आहे?" दुसरा भाग विचारायला विसरू नका. हेल्पलाइन १५५३८८.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत ओरल केमोथेरपीची मर्यादा किती आहे ते एचआरकडून लेखी घ्या.

खिशातूनच घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की परवडत नाही. जेनेरिक, जनऔषधी केंद्र, रुग्ण सहाय्य योजना असे रस्ते त्यांना माहीत असतात. लाजून गोळी अर्धी करू नका. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि मग ते याहून महाग औषधाकडे वळतात.

आणि जे धोरण ठरवतात त्यांच्यासाठी माझं एवढंच म्हणणं आहे. योजनेच्या अहवालात किती रुग्णांना पॅकेज दिलं हा आकडा असतो. त्याच्या शेजारी अजून एक रकाना हवा. रोज गोळी घ्यायची असलेल्या रुग्णाच्या हातात वर्षातले किती दिवस गोळी होती? ३६५ पैकी ३२९ च्या खाली गेलं तर ९० टक्क्यांची रेषा तुटली. तो रकाना भरायला लागलो की तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं, जवळच्या दवाखान्यातून देणं, नोकरी बदलताना एका योजनेतून दुसरीत खंड न पडता जाणं, हे आपोआप सुचायला लागेल.

दादा आता भोसरीला दुसऱ्या कामावर आहेत. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज टिक करायला सुरुवात केली आहे. परवा मी दूध घ्यायला खाली गेले तर म्हणाल्या, "ताई, या महिन्यात एकही चुकली नाही. पण पुढच्या बाटलीचं अजून काही कळवलं नाही त्यांनी." बाटलीत अकरा गोळ्या होत्या. मी म्हटलं, "मग आजच जा, वहिनी. उद्या दहा उरतील."